आधी लेखकाचं मृत्युवर्ष पाहा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपासचे रस्ते पुस्तकांनी भरून जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या आठवणीसाठी दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास देशभरातून माणसं येतात, आणि परतीच्या गाडीत बसताना त्यांच्या पिशवीत मूर्ती असते, कॅलेंडर असतं, पुस्तकं असतात. दहा-वीस रुपयांची पुस्तिका, संविधानाची प्रत, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. वर्षभर पुस्तकाच्या दुकानाची पायरी न चढणारा माणूस इथे चार पुस्तकं उचलतो. मराठी माणूस पुस्तकं विकत घेत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा इथे यावं. अडतं ते बहुतेक वेळा किमतीपाशी.

ही पुस्तकं स्वस्त का असतात? श्रद्धेचा आणि देणग्यांचा वाटा आहेच, पण बराचसा हिशेब रोकडा आहे. मागणी नक्की असते, म्हणून आवृत्ती मोठी काढता येते. प्रकाशक स्वतःच टेबल मांडून बसतो, म्हणून दुकानदाराचं कमिशन वाचतं. आणि मूळ लेखनाच्या मानधनाचा प्रश्न यातल्या बऱ्याच पुस्तकांपुरता संपलेला आहे. इंटरनेटवर स्वस्त पुस्तक शोधणाऱ्याने हा शेवटचा मुद्दा पक्का लक्षात ठेवावा. ओळखीचे लोक विचारतात, ‘कुठल्या साइटवर मिळेल?’ मी आधी विचारतो, लेखक वारला कधी? प्रश्न जरा अभद्र वाटतो, पण पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. साठ वर्षं मोजायची ती मृत्यूच्या पुढल्या १ जानेवारीपासून. मुळात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, तेव्हा १९९१ च्या अखेरीला त्यांचं साहित्य खुलं व्हायला आलं होतं. विश्वभारतीच्या हातून ते जाऊ नये म्हणून सरकारने ऐनवेळी वटहुकूम काढला, १९९२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मुदत दहा वर्षांनी वाढली. वाढली ती सगळ्यांसाठीच. एका कवीसाठी केलेल्या धावपळीमुळे त्यानंतर गेलेल्या प्रत्येक मराठी लेखकाची पुस्तकं खुली व्हायला दहा वर्षं जास्त लागतात.

आता हे गणित आपल्या लेखकांना लावून पाहा. हरिभाऊ आपटे आणि गडकरी दोघेही १९१९ मध्ये गेले, त्यांच्याबद्दल विचारायचंच नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून खुली. बाबासाहेब आणि बा. सी. मर्ढेकर दोघेही १९५६ चे, म्हणून २०१७. बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाला मात्र एक वर्ष जास्त लागलं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. नागपूर-विदर्भापुरतं बोलायचं, तर कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या कथा आणि समीक्षा २०२२ पासून सर्वांच्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ चे, तेव्हा ‘ग्रामगीता’ १ जानेवारी २०२९ ला. ग. त्र्यं. माडखोलकरांसाठी २०३७ पर्यंत थांबावं लागेल, सुरेश भटांसाठी २०६४ पर्यंत आणि ग्रेससाठी २०७३ पर्यंत. ही सालं आपल्यापैकी किती जण पाहतील हा प्रश्न वेगळा.

इथे एक खाचखळगा आहे. मूळ पुस्तक खुलं झालं म्हणून त्याचं भाषांतर खुलं होत नाही. भाषांतरकाराचा हक्क स्वतंत्र असतो आणि त्याची साठ वर्षं त्याच्या मृत्यूपासून. प्रस्तावना, टिपा, संपादकाने लिहिलेला परिचय यांनाही हेच लागू. म्हणून इंग्रजी मूळ ग्रंथ बिनदिक्कत उतरवून घेता येतो, पण त्याच्या मराठी अनुवादाबद्दल निराळी चौकशी करावी लागते.

हक्क संपलेली पुस्तकं सापडण्याचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. तिथला भारतीय भाषांचा साठा आला कसा, हे कळलं की शोधायचं कसं तेही कळतं. या शतकाच्या सुरुवातीला बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तकं केंद्राकेंद्रांवर स्कॅन झाली. पुढे ती मूळ साइट बंद पडली, पण त्याआधी कार्ल मॅलामूड या अमेरिकी कार्यकर्त्याने लाखो पुस्तकांच्या प्रती आर्काइव्हवर चढवून ठेवल्या होत्या. आज आपण आर्काइव्हवर जे जुनं मराठी पुस्तक उघडतो, त्याच्या क्रमांकात बहुधा ‘डीएलआय’ ही अक्षरं असतात, ती तिथली.

अडचण नावांची आहे. स्कॅन करणाऱ्या केंद्रांवर मराठी येणारा माणूस असेलच असं नव्हतं, आणि नोंदी रोमन लिपीत झाल्या. कुठे दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा, कुठे ट-ठ दाखवायला मध्येच एक टिंबासारखं चिन्ह, कुठे लेखकाच्या जागी संपादक. त्यामुळे देवनागरीत शोधून ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं, तरी हार मानायची नाही. आडनाव रोमनमध्ये तीन-चार प्रकारांनी लिहून पाहायचं, मग पुस्तकाच्या नावातला सर्वांत वेगळा शब्द तेवढा घेऊन शोधायचं, आणि भाषेच्या चाळणीत मराठीबरोबर हिंदी आणि संस्कृतही उघडून पाहायचं, कारण चुकून तिकडे गेलेली पुस्तकं थोडी नाहीत. सापडलं की आधी पानं चाळावीत. मधली आठ पानं गायब, एका पुस्तकाच्या पोटात दुसऱ्याचं मुखपृष्ठ, पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा, असले नमुने भरपूर. मजकुरात शब्द शोधण्याची सोयही भरवशाची नाही, कारण जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

आणि एक: आर्काइव्हवर आहे म्हणजे फुकट घ्यायला मोकळं आहे, असं नव्हे. त्या काळात स्कॅन करणाऱ्यांनी हयात लेखकांचीही पुस्तकं सरसकट स्कॅन केली. आर्काइव्ह स्वतः हक्क शाबूत असलेली पुस्तकं ग्रंथालयासारखी ठरावीक काळासाठी उसनी देत असे. त्यावर अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयातही आर्काइव्ह हरलं. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं त्यांना उसनवारीतून काढावी लागली. म्हणून पुन्हा तेच: आधी मृत्युवर्ष.

आर्काइव्हची कसर मराठी विकिस्रोत थोडी भरून काढतो. तिथे एका बाजूला स्कॅन केलेलं पान आणि दुसऱ्या बाजूला टंकलेला मजकूर असतो. कुणीतरी तो तपासतो, मग दुसरा कुणीतरी पुन्हा तपासतो. पुस्तक पूर्ण झालं की ते ई-पब करून मोबाइलवर घेता येतं, अक्षरं लहानमोठी होतात. पुस्तकांची संख्या आर्काइव्हपुढे किरकोळ, पण वाचायला सुख. कुसुमावतींच्या पुस्तकांचं उदाहरण वर दिलं, ते यासाठीच. हक्क संपला म्हणून पुस्तक आपोआप पडद्यावर येत नाही. ते टंकायला आता कुणाची परवानगी लागत नाही, एवढंच. मॉरिस कॉलेजात शिकवणाऱ्या या बाईंची पुस्तकं नागपूरच्याच मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून टंकून घेतली, तर प्रकल्पाचे गुण मिळतील आणि पुस्तकंही मिळतील.

नागपूरशी नातं असलेलं आणखी एक काम पूर्ण फुकट आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा घाट नागपुरात घातला, नंतर बिऱ्हाड पुण्याला हललं. तेवीस खंडांचा तो कोश आज यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने स्वतंत्र संकेतस्थळावर ठेवला आहे. मराठी विश्वकोशही तसाच खुला. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं तर फारच कमी लोक शोधतात. मंडळाने काढलेले चरित्रग्रंथ, शब्दकोश, भाषांतरं, शास्त्रीय पुस्तकं यांतली मोठी यादी त्यांच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये उतरवता येते. लेखक हयात असला तरी प्रकाशकानेच, म्हणजे इथे सरकारने, दार उघडलं आहे. बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेचंही तसंच. १९७९ पासून राज्य सरकार ही माला काढत आलं, आणि तिचे संपादक वसंत मून हे नागपूरचेच. शासकीय ग्रंथागारात हे खंड नाममात्र किमतीला मिळतात, मिळाले तर. छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती, यावरून टंचाईची कल्पना यावी. ज्याला थांबता येत नाही त्याने परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जावं. तिथे इंग्रजी खंड पीडीएफमध्ये आहेत.

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं अधिकृत संकेतस्थळांवर फुकट आहेत, आणि स्पर्धा परीक्षेचा पाया याच पुस्तकांवर रचला जातो. मात्र ती छापून घेऊ नयेत. झेरॉक्सवाल्याकडे दोनशे पानांची प्रिंट आणि वर स्पायरल बाइंडिंग एवढ्यात मूळ पाठ्यपुस्तक येऊन पैसे उरतात, कारण त्याची किंमत मुद्दाम कमी ठेवलेली असते. पीडीएफ पडद्यावर वाचायची, नाहीतर पुस्तक विकत घ्यायचं.

आता हयात, किंवा साठ वर्षं न झालेल्या लेखकांकडे वळू. इथे फुकटचा रस्ता नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफना मी रस्ता मानत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, हल्ली पाचशेचीही. त्यातल्या दोनशे वाचकांनी ग्रुपवरून घेतलं, तर दुसरी आवृत्ती निघत नाही. इंग्रजी बेस्टसेलरला असल्या चोरीने ओरखडा येतो, मराठी कवितासंग्रह त्यात संपतो.

अधिकृत ई-पुस्तक छापील पुस्तकापेक्षा स्वस्त असतं, पण लोकांना वाटतं तेवढं नाही. कागद, छपाई, वाहतूक वाचते. संपादन, अक्षरजुळणी, मानधन, विक्रेत्याचा वाटा तसाच राहतो. त्यात कराची गंमत अशी, की छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवरून ५ वर आणला, तोही छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता.

मराठी ई-पुस्तकं मोबाइलवर वाचताना डोळे का दुखतात, याचंही कारण आहे. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यावरही कितीतरी वर्षं, आपल्याकडची अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरमध्ये झाली. त्यातला मजकूर त्या त्या फाँटपुरताच मराठी असतो. फाँट काढला की उरतात निरर्थक रोमन खुणा. तो युनिकोडमध्ये बदलताना रफार उडतात, अर्धी अक्षरं सुटतात, आणि पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. हा खर्च टाळायला प्रकाशक पानाचं चित्रच ई-पुस्तक म्हणून देतो. म्हणून विकत घेण्याआधी नमुन्याची पानं उघडून अक्षर मोठं करून पाहावं. अक्षर वाढलं आणि ओळी आपोआप नव्याने जुळल्या, तर खरं ई-पुस्तक. सगळं पानच मोठं होऊन कडेने बाहेर पळालं, तर तो फोटो आहे, टॅबलेट नसेल तर नाद सोडावा. मराठी ई-पुस्तकांची निवड बुकगंगावर बरी आहे, आणि किंडलने डिसेंबर २०१६ पासून मराठीला दार उघडलं. लेखकांनी स्वखुशीने फुकट दिलेल्या पुस्तकांसाठी ई-साहित्य प्रतिष्ठान आहे. दर्जा कमीजास्त, पण कुणाचं नुकसान करून मिळवलेलं काही नाही.

ई-पुस्तकात एक तोटा असा, की ते आपलं होत नाही. पैसे भरून आपण वाचायची परवानगी घेतो. २००९ मध्ये अमेझॉनने वाचकांच्या किंडलमधून एक पुस्तक परस्पर पुसून टाकलं, कारण विकणाऱ्याकडे त्याचे हक्कच नव्हते. पैसे परत मिळाले, पण पुस्तक निघालं जॉर्ज ऑरवेलचं ‘१९८४’, त्यामुळे जगभर हसू झालं. फेब्रुवारी २०२५ पासून तर विकत घेतलेलं किंडल पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही त्यांनी बंद केली. वाचून झालेलं ई-पुस्तक दुसऱ्याला विकता येत नाही. युरोपात एका कंपनीने तो धंदा करून पाहिला, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये नकार दिला. कागदी पुस्तकाला ही अडचण नाही. एकदा बाजारात आलेली प्रत हवी तेवढ्या वेळा विकायला आपला कायदाही मोकळीक देतो, आणि जुन्या पुस्तकांचा सारा व्यवहार त्या मोकळिकीवर उभा आहे.

हा व्यवहार नागपूरकरांना बर्डीवरून माहीत आहे. तिथे पुस्तक हातात घेऊन, नाक लावून, घासाघीस करून घेता येतं. ऑनलाइन या तीनही गोष्टी नाहीत, म्हणून त्यांची भरपाई करावी लागते. जुन्या पुस्तकांच्या मोठ्या साइटींवर इंग्रजी कादंबऱ्यांचा ढीग असतो आणि मराठी चवीपुरतं. मराठी जुनं पुस्तक विकलं जातं ते फेसबुकच्या गटांत, इन्स्टाग्रामवर आणि लहान विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप याद्यांत. तिथे आयएसबीएन क्रमांकाने शोधायला जाऊ नये. भारतात तो क्रमांक देण्याची व्यवस्था १९८५ ची, आणि बऱ्याच मराठी प्रकाशकांनी तो कितीतरी उशिरा छापायला घेतला. लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि साल सांगावं. १९५० पर्यंतचं पुस्तक असेल, तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची ही चारही माहिती देते. एकट्या माणसाने केवढं काम केलं आहे, हे त्या दोन खंडांची पानं चाळली की कळतं.

पुस्तकाच्या ‘चांगल्या स्थिती’वर विश्वास ठेवू नये. फोटो मागावेत: कणा, आवृत्तीची माहिती असलेलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं उघडलेलं पान. नागपुरातल्या पुस्तकांना दोन खास आजार होतात. उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस अंशांत कण्याचा डिंक कडक होऊन तडकतो आणि पानं सुटी होतात, आणि कूलरच्या समोरच्या कपाटातली पुस्तकं दमट हवेने फुगतात, कडा लाटांसारख्या होतात. पहिला आजार बाइंडर बरा करतो, दुसरा जात नाही. ग्रंथालयाचा शिक्का असेल, तर शेजारी ‘निर्लेखित’ असा दुसरा शिक्का आहे का ते पाहावं. नसेल, तर ते पुस्तक कुठल्यातरी वाचनालयात परत यायचं राहिलं आहे. छपाई फिकट, ओळी किंचित तिरक्या, कव्हर मात्र नको तितकं चकचकीत, अशी प्रत जुनी नसून चोरून छापलेली असते. आणि दुर्मिळ ग्रंथ म्हणून हजार-दीड हजाराला कुणी ‘पुनर्मुद्रण’ देऊ करत असेल, तर आधी आर्काइव्हवर जाऊन यावं. तिथली फुकटची फाईल छापून, पुठ्ठा बांधून विकण्याचा धंदा जोरात आहे. सुटलेली पानं त्यातही सुटलेलीच येतात.

राहता राहिला टपालखर्च. ऐंशी रुपयांच्या पुस्तकाला कुरिअरचे नव्वद लागले, की सगळा आनंद ओसरतो. टपाल खात्याची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली आणि लहान विक्रेत्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, चढत चढत ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पार्सल जमिनीवरून येतं, म्हणून वेळ लागतो, पण कुठवर पोचलं ते पाहता येतं. शैक्षणिक, स्पर्धा परीक्षेची, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकं यात चालतात. नियतकालिकं चालत नाहीत, म्हणून जुने दिवाळी अंक मागवणाऱ्याने विक्रेत्याला आधी काउंटरवर विचारायला सांगावं. पुष्कळ विक्रेत्यांना या सोयीची खबर नसते, ती आपण द्यावी. दर असे आहेत, की एकेक पुस्तक मागवण्यात तोटा आणि गठ्ठ्यात फायदा. धरमपेठेतल्या एकाने, महालातल्या दुसऱ्याने आणि प्रतापनगरातल्या तिसऱ्याने मिळून पुण्याच्या एकाच विक्रेत्याकडून पाच किलो मागवले, तर पुस्तकामागे टपाल आठ-दहा रुपयांवर येतं.